वडील कशानं गेले

तपासणीला आईनं सोबत यायची काही एक गरज नव्हती. तेहेतीस वर्षांचा बाप्या, सात-सात मजल्यांच्या इमारती बाहेरून रंगवणारा, घरी दोन वर्षांची पोर असलेला. त्याला काय दवाखान्यात बोट धरून न्यायचं असतं? तो तसं म्हणालाही. पण आईनं चप्पल घातली ती घातलीच. कंपनीनं फर्मान काढलं होतं की उंचावर काम करणाऱ्या प्रत्येकानं हृदय तपासून डॉक्टरची सही आणायची, नाहीतर परांचीवर पाय ठेवायचा नाही. ते ऐकल्यापासून आईच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

आता तो बाकावर बसून गुडघ्यावर फॉर्म भरत होता आणि ती वाकून वाकून बघत होती.

"चुलत्यांचं वय काय होतं गं जाताना?"

"एकेचाळीस. झोपेतच गेले. हृदयानंच."

त्यानं लिहिलं. पुढचा रकाना वडिलांचा होता, तिथं विचारायची गरजच पडली नाही. वय चौतीस, परांचीवरून पडून. पेनाला टोपण लावत तो म्हणाला, "लंबूकाकाची कृपा, असं लिहायला जागा नाही यात."

आईनं पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. उठून पाणी प्यायली. परत बसली, परत उठली, भिंतीवरचा तक्ता वाचल्यासारखं केलं. समोरची बाई वैतागून बघायला लागली, तेव्हा कुठं टेकली.

लंबूकाका म्हणजे वडिलांचा जोडीदार. तो परांची बांधायचा, वडील तिच्यावर उभं राहून रंग द्यायचे, आणि दोघांचं मेतकूट असं की सख्ख्या भावांनी मान खाली घालावी. त्या सकाळी चौथ्या मजल्यावर वडील छाती चोळायला लागले. लंबू म्हणाला, खाली चल. ते म्हणाले, एवढी भिंत होऊ दे. भिंत अर्धी झाली आणि माणूस उभ्या उभ्या कोसळला. फळी जागची हलली नव्हती. हे सगळं लंबूनं स्वतः हुंदके देत सांगितलं होतं, आणि ऐकणारी ही एकटी.

मग ही खोटं का बोलली? पोरापायी. चुलता जाऊन वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून हे दहा वर्षांचं पोर छातीवर हात धरून बसायचं. पळायचं नाही, खेळायचं नाही, "आई, माझं बंद पडेल का?" म्हणून उठता बसता जीव खायचं. त्याला आणखी हे कुठल्या तोंडानं सांगणार? तिनं सांगितलं, फळी निसटली. पोरानं लगेच विचारलं, बांधली कुणी होती? आणि ती गप्प बसली. तेवढं गप्प बसणं लंबूला आयुष्यभर पुरलं.

पोरानं ते गल्लीभर सांगितलं. लंबूच्या कानावर गेलं तेव्हा तो दारात येऊन म्हणाला, "असू दे वहिनी. पोरगं खेळायला लागलं ना?" पोरगं लागलं होतं खेळायला. पण लंबूनं बांधलेल्या परांचीवर पुढं कुणी चढेना. कुठं कुठं गोदामांवर राखणदारी करत फिरतो, असं मग तिच्या कानावर यायचं. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तेवीस वर्षं निघून गेली.

डॉक्टरबाईंनी ईसीजीची पट्टी पाहिली, फॉर्म पाहिला. "पट्टी ठीक आहे. चुलते लवकर गेलेत, पण वडील अपघातात गेले. तेही हृदयानं गेले असते, तर पुढच्या तपासण्या केल्याशिवाय मी तुम्हाला सोडलंच नसतं." असं म्हणून त्यांनी सहीसाठी पेन उचललं.

आईनं तोंड उघडलं तर पोरगा तिचं तोंड बघायचा नाही. आणि नाही उघडलं, तर सोमवारी तो सातव्या मजल्यावर उभा.

"थांबा," ती म्हणाली. "याचे वडील पडून नाही गेले. आधी गेले, मग पडले."

"काहीतरीच काय बोलतेस?" तो हसला.

तिनं सगळं सांगितलं. फळीचंही सांगितलं. सांगताना ती टेबलाच्या कडेकडे बघत होती आणि तो तिच्याकडे.

मग त्याच्या छातीवर वायरी चिकटवल्या आणि त्याला चालायच्या पट्ट्यावर चढवलं. आई दाराबाहेर. आतून पावलांची धपधप ऐकू यायची. ती वाढली, आणखी वाढली, आणि मध्येच थांबली. इतक्या लवकर थांबायची नव्हती, हे कुणी न सांगताही तिला कळलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "धाप लागली की हृदयाला रक्त कमी पडतंय असं दिसतंय. आणखी तपासावं लागेल. गोळ्या आजपासून सुरू, आणि उंचावर अजिबात चढायचं नाही. वेळेत आलात, यावर इलाज आहे."

बाहेर येऊन तो बाकावर बसला. शर्टाची बटणं लावायचीही त्याला शुद्ध नव्हती. आई त्याच्यासमोर उभी राहिली.

"बोल काहीतरी. शिव्या दे मला."

"गेल्या वर्षी लंबूकाका साइटवर आला होता," तो म्हणाला.

आईला हे ठाऊक नव्हतं.

"काम मागत होता. काहीही द्या, झाडलोट करतो म्हणाला. मी सगळ्या माणसांसमोर म्हटलं, माझ्या बापाला पाडलंस आणि आता माझ्याकडं हात पसरतोस? सगळे हसले."

"तो काही बोलला नाही?"

"जवळ आला. हळूच म्हणाला, छाती दाखवून घे कुणाला तरी." त्यानं उघड्या शर्टाची कड मुठीत धरली. "मला वाटलं, धमकी देतोय. मी गचांडी धरून फाटकाबाहेर काढला त्याला, आई."

आई त्याच्या शेजारी बसली. त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "कुठं राहतात लंबूकाका आता?"

तेवीस वर्षांत तिनं ते एकदाही विचारलं नव्हतं.