आईंच्या हातचं तिखट

सासऱ्यांच्या तोंडाला चव आणली की आख्खं स्वयंपाकघर आपलं, असा सुनेचा साधा हिशोब होता. सासूबाई तिच्या लग्नाआधीच वारल्या होत्या, तरी तिथे राज्य त्यांचंच. त्यांनी आंबवून ठेवलेला मिरचीचा सॉस संपला आणि सासऱ्यांनी अन्नच टाकलं. बाजारच्या बाटल्यांना ते नाक मुरडत.

सुनेने पदर खोचला. सुक्या मिरच्या आणि लसूण व्हिनेगरमध्ये वाटून घेतला, आंबूसपणासाठी चिंचेचा कोळ घातला आणि चमचा बाटलीच्या कडेवर दोनदा टकटक झटकला.

दारात नवरा थबकला. "हे कुणी शिकवलं तुला? आई अस्संच करायची."

"इश्श, चमचा झटकायला शिकवणी लावतात का?" ती हसली, पण स्वतःच्या हाताकडे बघून चरकली.

पहिल्याच घासाला सासऱ्यांनी डोळे मिटले. "आलीस होय गं? किती वाट पाहायला लावलीस!"

"बाबा, मी सून तुमची."

"चेष्टा पुरे. वाढ अजून."

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम आपल्या माहेरच्या पद्धतीने तिखट वाटलं. म्हातारा ताट सरकवून लहान मुलासारखा रडू लागला.

"कालचंच कर ना गं," नवरा कळवळला. "आणि त्यांनी हाक मारली की ओ दे. तुझं काय जातंय?"

तिने ओ दिली. सासऱ्यांना बायको मिळाली, नवऱ्याला आईच्या हातचं जेवण मिळालं, सासूबाईंना घर परत मिळालं. किंमत तेवढी सुनेने मोजली: तिच्या हातची चव पुन्हा कुणी मागितली नाही, आणि हळूहळू तिलाही ती आठवेना.