भूक इंग्रजीत लागते तेव्हा

हौसाबाईंच्या दारातून भिकारीसुद्धा ढेकर देऊन जातो, अशी मानकोलीत त्यांची ख्याती होती. ती धुळीला मिळायची वेळ आली, आणि मिळवायला निघाली कोण, तर तीन महिन्यांपूर्वी वाजतगाजत आणलेली सून.

रुचिका अकलोलीकडची, शेतकऱ्याची लेक, गोदामाच्या ऑफिसात नोकरीला. रोज न्याहारी झाली की मागच्या पडवीत जाऊन ऑफिसातल्या रीमाला फोन लावायची आणि फाडफाड इंग्रजी बोलायची. हौसाबाईंना त्याचं कौतुकच होतं. पण बोलते काय, हे कळायला नको? त्यांनी कॉलेजात जाणाऱ्या लेकीला, उन्नतीला, कान लावायला बसवलं.

सोमवारी वहिनी ‘स्टार्व्हिंग’ होती, म्हणजे उपासमारीने मरत होती. मंगळवारी ‘फॅमिश्ड’, म्हणजे दुष्काळात सापडलेली. बुधवारी ‘रॅव्हनस’, म्हणजे लांडग्यासारखी वखवखलेली. गुरुवारी तर म्हणाली, आख्खा घोडा खाईन.

उन्नतीने समजावलं की इंग्रजीत असंच बोलतात, समोसा दहा मिनिटं उशिरा आला तरी माणसं मरतात. हौसाबाईंना ते पटेना. ज्या घरात कोलंबीशिवाय पान हलत नाही, तिथली सून परक्या भाषेत दुष्काळ जाहीर करते? उद्या गोदामातून ही बातमी गावभर झाली तर तोंड कुठे लपवायचं?

शुक्रवारी दुपारी त्या भाकऱ्यांची टोपली आणि कालवणाचं पातेलं घेऊन रिक्षाने थेट गोदामावर धडकल्या. गेटवरच्या वॉचमनने हटकलं तर त्यालाही भाकरी दिली. कॅन्टीनमध्ये सुनेच्या टेबलावर पातेलं आदळलं आणि तिच्या सोबत्यांना जेवायला बसवलं. देवेश नावाचा गुबगुबीत पोरगा समोसा चावत म्हणाला, “आंटी, आय ॲम स्टार्व्हिंग.”

हौसाबाईंच्या जिवात जीव आला. उन्नती खरं बोलत होती तर. इथे सगळेच खोटं मरत होते.

आता लोकांदेखत सुनेला वाढायचं म्हणजे आग्रह आलाच. एरवी घरी ती ‘पुरे’ म्हणाली की त्या टोपली उचलत. आज “घे गो, घे,” म्हणत दुसरी भाकरी वाढली. रुचिका ‘पुरे’ म्हणाली आणि भाकरी संपवली. तिसरीला ‘नको हो’ म्हणाली आणि तीही संपवली. चौथीला ती काही बोललीच नाही. कालवणात बुडवून खात होती, मान वर न करता.

हौसाबाईंचा हात थांबला. खोटं मरणारं माणूस असं जेवत नाही.

“घरा तं एकीवर उठतस,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

“आमच्याकडं तीनदा आग्रह झाल्याबिगर सून हात पुढं करीत न्हाय, आई,” रुचिका ताटाकडे बघत म्हणाली. “तुम्ही एकदाच विचारता.”

“मंग सांगाचा ना.”

“सांगत होते. इंग्रजीत. तिथं कुणी खरं धरत न्हाय, म्हणून लाज वाटत न्हवती.”

हौसाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने आपल्याच घरात पोर अर्ध्या पोटी उठत होती, आणि आपण गावभर ढेकरांची फुशारकी मारत होतो. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने पुसले.

“आता मराठीत बोल,” त्या म्हणाल्या.

रुचिकाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, “आई, अजून भूक हाय.”

हौसाबाईंनी टोपलीत हात घातला, तर तळाशी नुसतं फडकं. खोटं मरणाऱ्यांनी टोपली साफ केली होती. शेवटची भाकरी देवेशच्या हातात होती, अजून मोडायची होती. हौसाबाईंनी ती काढून घेतली आणि सुनेच्या ताटात ठेवली.

“तुजी भूक खोटी हाय,” त्या त्याला म्हणाल्या. “हिची खरी हाय.”