बोटीच्या सफरीत लोकरीचे स्वेटर

मी एक जुनी, तपकिरी रंगाची, चाकांची बॅग आहे. माझ्या दोन चाकांपैकी एक फिरतं आणि दुसरं नुसतं सोबतीला येतं. मित्रांनो, मी रस्त्याने येत असले तर आधी तुम्हाला माझी करकर ऐकू येईल आणि मग मी दिसेन. लोक वळून बघतात, हसतात. मला त्याचं काही वाटत नाही. खरं सांगायचं तर मला हल्ली कशाचंच फारसं वाटत नाही. पण मी एकदा भूमध्य समुद्रात जाऊन आले आहे आणि तिथे काय न्यावं, काय नेऊ नये याबद्दल दोन शब्द सांगण्याचा अधिकार मला आहे, असं मी समजते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका बाईने माझं अस्तर शिवलं, एका माणसाने चेन बसवली आणि तिसऱ्याने मला उचलून टेबलावरून खाली आपटलं. आपटून फुटली नाही ती बॅग पास, अशी आमची परीक्षा असते. मी पास झाले. मग मला दुकानाच्या काचेमागे उभं केलं. माझ्या पाठीमागे एक मोठं चित्र लावलं होतं. त्यात निळा समुद्र होता आणि पांढरी बोट होती. आपण तिकडेच जाणार, असा माझा तेव्हा पक्का समज होता.

मला विकत घेतलं ते नुकतंच लग्न झालेल्या एका जोडप्याने. त्यांनी तेव्हाच लॉन्ड्री उघडली होती. मालक इस्त्री करायचे. मालकीणबाई डाग काढायच्या आणि रफू करायच्या. जरा जम बसला की आठवडाभर दुकान बंद ठेवून कुठेतरी जाऊ, असं मालक म्हणाले होते. पण लॉन्ड्री ही काही बंद ठेवायची गोष्ट नाही. लोकांचे कपडे मळायचे थांबत नाहीत. मला माळ्यावर चढवलं आणि माझ्यात भरले न नेलेले कपडे. कपडे टाकून ‘संध्याकाळी येतो’ म्हणून गेलेली माणसं वर्षानुवर्षं येत नाहीत, हे मला तिथे कळलं. कुणाची विजार, कुणाचा पडदा, कुणाचा शाळेचा गणवेश. आपलं एकही कापड नसलेली बॅग म्हणजे दुसऱ्याचं ओझं वाहणारी हमालीण. पदरी पडलं ते पवित्र मानून मी गप्प पडून राहिले.

खाली मात्र गप्प कुणीच नसायचं. यंत्रांच्या घरघरीत ओरडूनच बोलावं लागे. मालक ओरडायचे, “अगं, ही कॉलर बघितलीस का?” बाई ओरडायच्या, “बघितली! तुम्ही बाही जाळलीत ती बघा!” दिवसभर हेच चालायचं. त्यांची लेक काउंटरखाली बसून अभ्यास करत मोठी झाली आणि नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली.

मग एके दिवशी मालकांनी दुकान विकलं. बाईंना विचारलं नाही, सांगितलंही नाही. घेणारा माणूस माप काढायला आला, तेव्हा बाईंना ते समजलं. त्यांच्या हातात सुई होती. त्यांनी रफू पूर्ण केलं, दोरा तोडला, सुई डब्यात ठेवली आणि त्या घरी गेल्या. त्यानंतर त्या मालकांशी बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या भांडल्याही नाहीत.

दुकानातल्या सामानाबरोबर मीही घरी आले. ते घर म्हणजे हाताची घडी, तोंडावर बोट. जेवण वेळेवर व्हायचं. दिवे वेळेवर लागायचे. मालक विचारायचे, “चहा घेतेस?” आणि बाई उठून स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायच्या. काही दिवसांनी मालकांनी विचारणं सोडलं. मी कपाटामागे उभी राहून हे बघत असे. आधी वाईट वाटायचं, मग सवय झाली.

वर्ष होत आलं तेव्हा लेकीने दोघांना क्रूझची तिकिटं पाठवली. घरातल्या मौनाची तिला कल्पना नव्हती, कारण फोनवर दोघंही छान बोलायची. पोटात एक आणि ओठांवर एक, हे तेवढ्यापुरतं त्यांना जमत होतं. लेकीने फोनवर सगळं समजावून सांगितलं. सुती आणि सैल कपडे घ्या, ऊन फार असतं. बोटीच्या डेकवर वारा असतो, म्हणून एक पातळ शाल. न घसरणारे बूट, कारण बंदरांमधले जुने रस्ते दगडी आहेत. प्रार्थनास्थळांत जायचं तर खांदे आणि गुडघे झाकतील असं काहीतरी. एक पोहण्याचा पोशाख. कप्तानाच्या मेजवानीला आईने चांगला झगा घालायचा आणि बाबांनी कोट, कोटाशिवाय आत सोडत नाहीत. औषधं हातातल्या पर्समध्ये ठेवा, कारण मोठी बॅग चढताना काढून घेतात आणि खोलीत संध्याकाळी आणून देतात.

मला पलंगावर उघडून ठेवलं. एवढ्या वर्षांनी माझ्यात माझ्या माणसांचे कपडे पडणार होते. पण दोघं एकत्र भरायला आली नाहीत. बाई भरून गेल्या की मालक यायचे, मालक गेले की बाई. बाईंनी मालकांचा एकुलता एक काळा कोट घासूनपुसून तळाशी ठेवला. बोलत नसल्या तरी कामात हयगय करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मग त्यांनी दार लोटलं आणि धाकट्या बहिणीला फोन लावला.

“बोटीवरून उतरले की तशीच तुझ्याकडे येते,” त्या म्हणाल्या. “नाही गं, चार दिवस नाही. कायमची. नाही जायचं मला परत त्या घरात. लेकीला इतक्यात सांगू नकोस, हौसेनं तिकिटं काढलीत तिनं.”

त्यांचा आवाज सपाट होता, परटाने कपड्यांचा हिशेब सांगावा तसा. मग त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून लोकरीचे स्वेटर काढले, जाड मोजे काढले, सुयांचा डबा काढला आणि हे सगळं सुती कपड्यांच्या खाली माझ्यात दडवलं. माझी चेन लागेना. त्यांनी ती तशीच अर्धी सोडली.

संध्याकाळी मालक आले. त्यांना बाईंच्या राखाडी झग्यासाठी छोटी इस्त्री ठेवायची होती. जागा शोधायला त्यांनी हात आत घातला आणि त्यांच्या हाताला लोकर लागली. त्यांनी एक स्वेटर बाहेर काढला. मग दुसरा. मग सुयांचा डबा. भर उन्हाळ्यात, भूमध्य समुद्रात, लोकर! ते पलंगाच्या कडेला बसले. मला वाटलं, आता हाक मारतील, ओरडतील, निदान स्वेटर कपाटात परत ठेवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. स्वयंपाकघरातून ओलं फडकं आणलं आणि त्या इस्त्रीने स्वेटरवर हलकी वाफ दिली. बाह्या मागे वळवून, मध्ये पातळ कागद घालून दुकानातल्यासारख्या घड्या घातल्या. त्या घड्या माझ्यात ठेवल्या. तरी चेन लागेना, तेव्हा तळाचा काळा कोट काढून खुंटीला टांगला. इस्त्री बुटात बसवली आणि चेन लावली.

विमानाने लांबचा प्रवास करून आम्ही बंदरावर पोहोचलो. बोट त्या दुकानातल्या चित्राहून मोठी होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण इतक्या उशिरा मिळालेल्या गोष्टीचं काय करायचं हे मला समजेना.

सगळ्या बॅगा खोल्यांमध्ये गेल्या आणि मला मात्र तपासणीच्या खोलीत ठेवून घेतलं. मालक-मालकीणबाईंना निरोप गेला. दोघं आली. गणवेशातला अधिकारी म्हणाला, “आत काहीतरी आहे. उघडा.” मालकांनी उघडलं. अधिकाऱ्याने बुटातून इस्त्री उपसून काढली आणि डोक्याला हात लावला.

“काका, बोटीवर इस्त्री चालत नाही. आग लागते. सगळ्यांना माहीत असतं हे.”

“मी इस्त्रीवालाच आहे,” मालक म्हणाले. “मी नाही लावणार आग.”

“आग लावणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. उतरताना परत मिळेल.” मग आणखी काही निघतंय का ते पाहायला त्याने एकेक वस्तू टेबलावर मांडायला सुरुवात केली. झगा, शाल, सुती कपडे आणि त्यांच्याखालून स्वेटर. “अरे वा! बर्फात उतरणार आहात का?” तो हसला.

दोघांपैकी कुणी हसलं नाही. बाई स्वेटरकडे बघत होत्या. त्यांनी ते कसेबसे कोंबले होते आणि आता ते घडी घालून, कागद लावून समोर पडले होते. ती घडी कुणाची, हे त्यांना सांगावं लागलं नाही.  अधिकाऱ्याने पुढचं काही न विचारता सामान आत ठेवू दिलं.

मेजवानीच्या संध्याकाळी राखाडी झगा चुरगळलेला निघाला. मालकांनी तो न्हाणीघरात टांगला, गरम पाणी सोडलं, दार लावून घेतलं आणि वाफेत उभं राहून हातांनी सुरकुत्या काढल्या. बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट भिजला होता. बाईंनी झगा घातला आणि पहिल्यांदाच विचारलं, “तुमचा कोट कुठाय?”

“घरी.”

“मी स्वतः ठेवला होता.”

“जागा नव्हती. स्वेटर बसत नव्हते.”

बाई पलंगावर बसल्या. मी पलंगाखालीच होते. “मग स्वेटर काढायचे होतेत.”

“थंडीत लागतील तुला,” मालक म्हणाले. “तू जा जेवायला. मी वर साधं जेवण असतं तिथे जातो.”

बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, “दुकान विकताना मला विचारलं नाहीत.”

“दमलो होतो गं. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणाले असते. म्हणू तर द्यायचं होतंत.”

“हो. चुकलं माझं.”

‘जाऊ द्या’ असं बाई म्हणाल्या नाहीत. त्यांनी झगा काढून टांगला आणि साधे कपडे घातले. “वर चला. भूक लागलीये मला,” एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, एवढ्यावरून सगळं मिटलं असं समजू नका. मीही समजले नाही. पुढचे दिवस दोघं बोलायची, पण कामापुरतं. टोपी घ्या, पाणी घे, बूट इथे काढा. बंदरं आली आणि गेली. मी खोलीतच होते, त्यामुळे ती कशी होती हे मला सांगता येणार नाही. शेवटच्या दिवशी बाई पहिल्यांदा पोहण्याच्या तलावात उतरल्या. आल्या तेव्हा बॅगा दाराबाहेर ठेवायची वेळ झाली होती, कारण उतरण्याच्या आदल्या संध्याकाळीच त्या नेतात. बाईंनी ओला पोशाख टॉवेलात गुंडाळून घाईने माझ्या तळाशी ढकलला. एक-दोन दिवसांतच मी बहिणीच्या घरी उघडली जाणार होते.

मालकांनी खिशातून एक घडीची कापडी पिशवी काढली आणि स्वतःचे दोन शर्ट त्यात घातले. “बॅग तू ने. मला एवढी पुरे,” ते म्हणाले. ती पिशवी ते घरूनच घेऊन आले होते.

सकाळी बोट सोडली, विमानाने आपल्या देशात परत आलो, तर विमानतळाबाहेर दोन बसगाड्या उभ्या होत्या. एक आमच्या शहराची आणि एक बहिणीच्या गावची. बाई जाणार तर तिकडेच, हे ओळखून मालकांनी मला ओढत बहिणीच्या गावच्या गाडीपाशी आणून बाईंच्या पुढ्यात उभं केलं. “सांभाळून जा,” म्हणाले आणि वळले.

“थांबा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी मला फुटपाथवरच आडवं करून उघडलं. वरचे दोन कपडे आणि कंगवा काढला. मालकांच्या हातातली पिशवी घेतली, त्यांचे शर्ट माझ्यात ओतले आणि स्वतःचे कपडे पिशवीत घातले. मग माझी चेन ओढून मला मालकांकडे सरकवलं.

“बहिणीला येते म्हटलंय, जायला हवं. दोन दिवसांना एवढं पुष्कळ झालं. ही तुम्ही घरी न्या.”

“आणि स्वेटर?”

“राहू देत घरी. थंडीला अजून अवकाश आहे,” असं म्हणून त्या गाडीत चढल्या.

मालकांनी मला घरी आणलं आणि खोलीच्या मध्यभागी ठेवलं. उघडलं नाही. येता-जाता ते मला वळसा घालायचे. एकदा वरची धूळ पुसली. दोनाचे चार दिवस झाले. मला आत काहीतरी होत होतं, पण ती काळजी होती की बुरशी, हे मला सांगता आलं नसतं.

मग दाराचं कुलूप वाजलं. बाई आत आल्या, चप्पल काढली आणि नाक मुरडलं.

“कसला वास येतोय हा? अहो! बॅग उघडली नाहीत?”

“तुझे कपडे होते आत. तूच काढशील म्हटलं.”

“ओले होते ते! जन्मभर लॉन्ड्री चालवलीत आणि ओले कपडे कोंडून ठेवलेत? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! आणि मी नसते आले तर?”

मालक उठले. त्यांनी बादली आणून दिली.

मित्रांनो, प्रवासाहून आलात की बॅग त्याच दिवशी रिकामी करा, उन्हात उघडी ठेवा, ओलं सुकं वेगळं करा. आम्ही बॅगा तक्रार करत नाही, म्हणून आम्हाला गृहीत धरू नका. माझ्या अस्तरावर आता हिरवट डाग पडला आहे. मालक म्हणतात लिंबू लावू, बाई म्हणतात तुम्ही लांब व्हा, आणि सकाळपासून दोघं माझ्यावर वाकून भांडत आहेत. डाग काही जाईल असं दिसत नाही. माझी हरकत नाही.