बाईसाहेबांसाठी दहा किलो साखर

बाईसाहेब म्हणजे गाय. बिस्किटवाल्या मावशींच्या भट्टीमागच्या गोठ्यात ती राहायची, आणि दूध द्यायची तेसुद्धा उपकार केल्यासारखं. त्या सकाळी तिला वासरू झालं, अगदी सुखरूप झालं. मावशी हात धुवायला वळल्या, तेवढ्यात वासरामागोमाग गर्भाची पिशवीच बाहेर आली. लालभडक, फुगलेली, भल्या मोठ्या भोपळ्याएवढी. मावशींच्या तोंडचं पाणी पळालं.

गुरांची डॉक्टर आली तीही नवीकोरी, तिच्या बुटांना अजून शेण माहीत नव्हतं. तिने गाईच्या कमरेत इंजेक्शन दिलं, पिशवी धुतली, खाली स्वच्छ चादर धरायला लावली आणि दोनदा ढकलून पाहिलं. पिशवी जागची हलेना.

"सूज फार आहे," ती म्हणाली. "तासाभरात आत गेली नाही तर गाय हातची जाईल." मग जरा अडखळत, "मावशी, घरात साखर आहे?"

मावशींना वाटलं, पोरगी बिचारी उपाशीपोटी धावत आली असणार. "आहे की. चहा टाकू?"

"चहा नको. दहा किलो साखर द्या."

गाईचं डोकं धरून बसलेले मावशींचे यजमान, म्हणजे काका, दचकले. "दहा किलो? हिचा मुरंबा घालताय की काय?"

"सुजेवर टाकायचीय, काका."

मावशींनी कपाळावर हात मारला, पण डबा आणला. डॉक्टर मुठी भरभरून साखर पिशवीवर थापायला लागली. थापता थापता सांगतही होती, बहुधा स्वतःलाच धीर यावा म्हणून. "पिशवीच्या या पातळ पडद्याला अगदी बारीक छिद्रं असतात. पाणी त्यातून सहज येतं-जातं, साखरेला मात्र ते जमत नाही. मग जिकडे साखर दाट, तिकडे पाणी ओढलं जातं. आणि सूज म्हणजे तरी काय, पाणीच."

"म्हणजे दार एकच," काका म्हणाले, "पाणी सडपातळ म्हणून निसटतं, साखर ढेरपोटी म्हणून अडकते."

"तुमच्यासारखी," मावशी म्हणाल्या.

आणि खरंच, चादरीवरून पाणी ठिबकायला लागलं. भोपळा बघता बघता लहान झाला. मग ठिबकणं मंदावलं आणि थांबलंच. डॉक्टरने पुन्हा ढकलून पाहिलं. अर्धी आत गेली, तेवढीच परत बाहेर आली.

"पुस्तकात तर..." ती म्हणाली. कानशिलावरून घामाची धार उतरत होती. काकांनी गाईच्या मानेवरून हात फिरवला आणि मान खाली घातली.

मावशींनी वाकून पिशवीवर बोट फिरवलं. बोटाला साखर लागलीच नाही, नुसता पातळ चिकट पाक. हे त्यांच्या ओळखीचं होतं. बिस्किटांत भरायला त्या फळं चिरून साखरेत ठेवायच्या, तेव्हा पहिला रस धो धो सुटायचा, आणि साखर त्यात बुडाली की फळं अडून बसायची, आणखी रस सोडायची नाहीत.

"अगं, साखरच भिजून पातळ झाली. आता ती काय डोंबल ओढणार? हे सगळं ओघळू दे. वरून कोरडी टाकू."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिली. "बरोबर. आत आणि बाहेर फरकच उरला नाही."

"फरकाचं तू बघ. मी डबा आणते."

"अगं, तो शेवटचा," काका म्हणाले. "उद्याची भट्टी?"

"भट्टी एक दिवस झोपली तर परवा उठेल. ही झोपली तर उठायची नाही."

कोरडी साखर पडली आणि पुन्हा धार लागली. पिशवी सुरकुतली, आक्रसली, पावाएवढी झाली. डॉक्टरने हात घातला.

"बोटं नको रुतवू," मावशी चादर उचलून धरत म्हणाल्या. "मळलेलं पीठ दाबतो तशी दाब, तळहाताने. सावकाश. हं, अजून."

पिशवी गपकन आत गेली. टाके पडले. थोड्या वेळाने बाईसाहेबांनी मागचे पाय रोवले आणि त्या उठल्या. तिघांनीही श्वास रोखला. काहीच बाहेर आलं नाही.

"पाणी पाजा," डॉक्टर भिंतीला टेकत म्हणाली. "पुष्कळ गेलंय तिचं."

काकांनी बादली ठेवली, ती रिकामी झाली. दुसरीही झाली. मग बाईसाहेबांनी मान वर करून तिघांकडे पाहिलं, सेवेत कसूर झाल्यासारखं.

"बघत काय बसलात," कोपरापर्यंत चिकट झालेल्या मावशी काकांना म्हणाल्या, "आणा अजून."