चौथ्या आवाजाला

“डोळं दाखवायला आलो, तर अंधारात कोंडलं. असला इलाज तर घरीबी हुता,” गोजरबाई कानाशी पुटपुटल्या.

भागिरथीनं पाय आखडून घेतले. बाकडं इतकं आखूड होतं की सासूबाईंचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता. पलीकडे तिची लेक मालन बसली होती. पोरीच्या बांगड्यांचा आवाज मघापासून थांबला होता, याचा अर्थ तिनं हात घट्ट धरून ठेवले होते.

नगरच्या दवाखान्यातल्या या खोलीच्या खिडकीला काळं कापड होतं आणि दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. डॉक्टरीणबाईंनी आधीच समजावलं होतं. अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मग समोरच्या पेटीत बारीकसा उजेड लावायचा, मूठ कट्कन फिरवून तो थोडा थोडा वाढवायचा, आणि दिसला की सांगायचं. त्यात काही कमी आढळलं, तर थेंब टाकून डोळ्याच्या आतला पडदा बघायचा.

हे सगळं रंभाजीमुळे निघालं. आठ दिवसांमागे परतायला उशीर होऊन दिवेलागणीला भागिरथीचा नवरा सोनईच्या शिवारात बैलगाडीसकट पाटाच्या चारीत गेला. कपाळाला पाच टाके पडले. डोळ्याला मार लागलाय का हे बघता बघता डॉक्टरीणबाई दुसऱ्याच गोष्टीवर थांबल्या. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि त्यात कडेकडेनं काळे ठिपके दिले. भाकरीची कड करपावी तसे.

“हे मारामुळे नाही,” त्या म्हणाल्या होत्या. “हे घराण्यातून येतं. यांच्या आईला आणि मुलीला घेऊन या.”

“आमच्यात असलं काय न्हाई,” गोजरबाईंनी घरी ऐकल्या ऐकल्या सांगून टाकलं होतं. नातीचं लग्न वैशाखात, स्थळ कोल्हारचं, साखरपुडा झालेला. “न्हाई म्हनून लिहून आना एकदाचं, म्हंजी तोंडं बंद हुतील.”

तेच लिहून घ्यायला तिघी आल्या होत्या.

“आधी भागिरथीबाई,” अंधारातून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. “तुमच्या डोळ्यावरून बाकीच्यांचं माप धरू.”

“म्हंजी धान्य मापायची आधुली केली म्हना आमच्या सुनंला,” गोजरबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाई हसल्या. मालन हसली नाही.

कट्.

“न्हाई,” भागिरथी म्हणाली.

कट्. न्हाई. कट्. न्हाई. चौथ्यांदा मूठ फिरली आणि राखेखालच्या निखाऱ्यासारखं काहीतरी डोळ्यांपुढे धुगधुगलं.

“दिसला.”

मग गोजरबाई. तीनदा न्हाई. चौथ्याला, “दिसला की! चांगला टपोरा हाय.”

मग मालन. न्हाई, न्हाई, न्हाई. “दिसला.”

भागिरथीनं रोखलेला श्वास सोडला.

“तिघींचे डोळे अगदी सारखे,” डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. “परत एकदा बघू. मालन, तूच सांग.”

कट्. कट्. कट्. कट्.

“दिसला,” मालन म्हणाली.

भागिरथी पुढं वाकली. तिनं डोळे चोळले. पेटीच्या जागी नुसता काळोख होता.

“आजी, तुम्ही?”

चार आवाज झाले. काळोख तसाच.

“बेस दिसला,” गोजरबाई म्हणाल्या.

भागिरथीला घर आठवलं. त्या घरात सगळंच मोजून होतं. उंबऱ्यापासून गोठा अकरा पावलं, रांजण सात. नवी नवरी होती तेव्हा पहिल्याच दिवशी सासूनं बजावलं होतं, वस्तू जागची हलवायची न्हाई. भागिरथीला वाटलं होतं, बाई शिस्तीची दिसते. आणि दुसरं बजावलं होतं ते मढीच्या कानिफनाथाच्या नेमाचं. नाथाची आण आहे, दिवा लागल्यावर उंबरा ओलांडायचा नाही. रंभाजीच्या वाटचं पाटाचं रात्रीचं पाणी भावकीतला पुंजाराम धरायचा आणि दिवसाच्या पाळीला रंभाजी त्याचं शेत भिजवायचा. गावाला त्यात वावगं वाटत नव्हतं. देवाचं म्हटल्यावर कोण विचारतं? बावीस वर्षं भागिरथीनंही तो नेम पाळला होता, आपले डोळे धडधाकट असून.

“भागिरथीबाई,” डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आत्ता तुम्हाला उजेड दिसला?”

होय म्हटलं की झालं. मापच खोटं ठरेल, मग कुणाचं काय मोजणार? कागद मिळेल, वैशाख पार पडेल. होय तिच्या ओठांवर आलंसुद्धा.

पण घर बघायला ती कोल्हारला गेली होती. व्याह्यांच्या परसात विहीर होती, तिला कठडा नव्हता. घरात चहाला बोलावत होते, आणि ही मात्र मागच्या दारापासून विहिरीपर्यंत चालत गेली होती. चौदा पावलं. तेव्हा ती का मोजली, हे तिनं आजवर स्वतःला विचारलं नव्हतं.

“आये,” मालन एवढंच म्हणाली.

तेवढ्यात सासूबाईंचा खरखरीत हात चाचपत आला, आधी तिच्या गुडघ्यावर, मग मनगटावर, आणि तिथंच थांबला.

“तिला नगा इचारू,” गोजरबाई म्हणाल्या. “तिला काय दिसनार? ती अडली म्हंजी पेटीत उजेडच न्हाई, व्हय ना?”

“नाही, आजी. या दोन्ही वेळा लावलाच नव्हता.”

“मंग लिहा. मला न्हाई दिसत. ल्हानपनापास्नं रातचं कवाच न्हाई दिसलं. माझ्या आयलाबी दिसत नव्हतं, नाथाची आन तिनंच काढली, मी ती सासरी आनली. आन् या पोरीलाबी न्हाई दिसत. तिला मोजायला मीच शिकवलं.”

बांगड्या किणकिणल्या. मालननं हात सोडले होते.

“कोल्हारला मीच जाते सांगाया,” म्हातारी म्हणाली. “सकाळच्या यष्टीनं.”