पायवाटेची माती

रविवारी चर्चमधल्या उपासनेहून घरी आलं, की जेवणाच्या टेबलावर ताई तिथल्या मंडळीतल्या माणसांची वर्गवारी सुरू करी. माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी. नमुना दिसला की चिठ्ठी चिकटवायची, हे हातात बसलेलं. त्यात आज पाळकांनी बायबलमधला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा, समजावला होता: देवाचं वचन हे बी आणि माणसांची मनं ही चार प्रकारची जमीन, वाटेवरची, खडकाळ, काटेरी आणि चांगली. मग काय विचारता!

"शेजारचे काका म्हणजे वाटेवरची जमीन. इकडे बी पडलं, तिकडे पाखरांनी उचललं," ताटं मांडता मांडता ती म्हणाली. "आणि आमची धाकटी? ती तर पक्की खडकाळ! भराभर उगवते आणि ऊन लागलं की वाळते."

धाकटी तिची सख्खी बहीण. चर्चमधल्या ताईच्याच गाण्याच्या गटात हौसेने आली, मध्येच सोडून गेली आणि पुढे वर्षभर उपासनेला फिरकलीच नाही. आता ती परतली होती. मुलांचा रविवारचा वर्ग मला द्या, असं तिने पाळकांना विचारलं होतं आणि पाळकांनी ताईचं मत मागितलं होतं. ताई 'नको' म्हणाली, तर धाकटी पुन्हा तिथे पाऊल ठेवणार नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

"आणि तू गं कुठली जमीन?" सासूबाईंनी शांतपणे विचारलं.

ताई लाजून हसली. "आपलं आपण कसं सांगायचं, आई?"

"म्हणजे चांगली! इतकी वर्षं हा दाखला ऐकतेय, पण 'काटेरी जमीन माझीच' म्हणणारा एकजण भेटला नाही. सगळे काटे दुसऱ्यांच्या रानात!"

"पण चार प्रकार प्रभूनेच सांगितलेत ना?"

"सांगितलेत. पण कान उघडे ठेवा म्हणून सांगितलेत, बोट दाखवा म्हणून नाही. दाखला हा आरसा आहे गं. तू त्याची खिडकी केलीस आणि बसलीस लोकांच्या घरात डोकावत!"

ताईला ते लागलं, पण पटलं नाही. जमिनीचे गुणधर्म असे थोडेच बदलतात?

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत एका बागेच्या दोन पिशव्या आल्या. एकीत फुलांच्या वाफ्यातली माती, दुसरीत शेजारच्या जुन्या पायवाटेची. मालकाला पायवाट मोडून तिथेही फुलं लावायची होती. पायवाटेची ढेकळं फोडताना ताईचा हात भरून आला. पण दोन्ही नमुने कुटून, चाळून ट्रेमध्ये ठेवले, तेव्हा कुठला कोणता ते ओळखू येईना. आम्लता तपासली, क्षार तपासले, चिकणमातीचं प्रमाण काढलं. आकडे जवळजवळ सारखे!

"माझं काहीतरी चुकलंय," ती शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना म्हणाली.

"चुकेल कशाला? माती एकच आहे. एकीवरून लोक चालले, दुसरीवरून नाही, एवढंच."

ताईने अहवाल लिहायला घेतला. 'माती चांगली आहे. सतत तुडवली गेल्याने घट्ट झाली आहे. खणून मोकळी करावी, खत घालावं...' आणि पेन थबकलं.

धाकटी गाणं का सोडून गेली होती? तालमीत तिचा सूर चुकला, की सगळ्यांसमोर कोण म्हणायचं, "हिचं काय, नव्याची हौस"? कोण हसायचं? अरे देवा! त्या जमिनीवरून सगळ्यात जास्त येरझाऱ्या आपल्याच!

आणि आपली स्वतःची जमीन? सासूबाईंचे शब्द लागले, पण आत शिरले नाहीत. वाटेवरचं बी ते हेच!

संध्याकाळी ती चष्म्याच्या दुकानात गेली. धाकटी तिथे काम करायची. एका चौकटीचा स्क्रू आवळता आवळता तिने वर पाहिलं.

"काय गं ताई, नंबर बदलला की काय?"

"बदलला बहुतेक. इतके दिवस तू नीट दिसतच नव्हतीस." ताई तिच्यासमोरच्या स्टुलावर बसली. "तालमीत मी फार बोलले गं तुला. माफ कर. वर्ग तूच घे, पाळकांना मी सांगते."

धाकटीने स्क्रू आवळून चौकट बाजूला ठेवली. "आणि मध्येच सोडला तर?"

"तर विचारायला येईन, काय झालं म्हणून. मागे ते राहूनच गेलं."

"टोमणे मारायला नाही ना?"

"सवय आहे. एखादा निसटेल. तेव्हा तूच मला दटाव."

धाकटी खळखळून हसली, आणि ताईला मोकळं मोकळं वाटलं.

वाचकहो, दाखले आपल्या हाती दिले आहेत ते स्वतःचं रान खणायला. दुसऱ्याच्या जमिनीला नाव ठेवण्याआधी एकदा खाली वाकून पाहावं, तिथे उमटलेली पावलं कदाचित आपलीच असतील!