गणित – जादा सराव

गणिताच्या बाई आणि कॉम्प्युटरचे सर हे नवरा-बायको. त्या आठवड्यात मात्र दोघांचं बोलणं बंद होतं. सरांनी आपल्या धाकट्या बहिणीला परस्पर सांगून टाकलं होतं, "सुट्टीत सगळेच या, महिनाभर राहा." सगळे म्हणजे बहीण, तिचा नवरा, तीन मुलं आणि बासरी शिकणारा दीर. बाईंना ही बातमी नणंदेच्याच फोनवरून कळली: "वहिनी, तुमच्याकडे उशा किती आहेत हो?"

त्या दिवसापासून बाईंनी तोंडाला कुलूप लावलं आणि फोनवरही नवऱ्याला ब्लॉक करून टाकलं. पण संसार मुकेपणाने चालत नाही. शेवटी सरांनी शाळेतला मार्ग शोधला. कॉम्प्युटरच्या वर्गातली सगळी मशीन एकमेकांना जोडलेली होती आणि त्यांत 'सर्वांसाठी' नावाचं एक फोल्डर होतं. बाई मधल्या सुट्टीत गुण भरायला तिथेच येत. सरांनी त्या फोल्डरमध्ये एक फाइल केली आणि तिला नाव दिलं, 'गणित – जादा सराव'. पासवर्ड घातला नाही. पासवर्डाचं महत्त्व त्यांनी आदल्याच दिवशी आठवीला तासभर समजावलं होतं, पण जादा सरावाला आपण होऊन हात लावणारं मूल अजून जन्माला यायचंय, अशी त्यांची खात्री होती.

"येताना दूध आणावे. – मी," सरांनी लिहिलं.

"मी म्हणजे कोण? गावभर आमंत्रणं वाटणारा का?" खाली उत्तर आलं.

तिथून जी जुंपली ती पानावर पान चढत गेली.

आता आठवीत एक मुलगी होती, तिला सगळे किडा म्हणत, कारण ती पुस्तकं कुरतडायची. तिने जादा सराव पाहिला आणि वही-पेन सरसावून फाइल उघडली. दुसऱ्या ओळीला तिचा चष्मा नाकावरून घसरला. डबे खाऊन होईपर्यंत सगळा वर्ग ते वाचून बसला. नेटवर्क म्हणजे काय, हे शिकवून सरांचा घसा बसला होता. पोरांना ते एका दुपारीत कळलं.

वर्गात तट पडले. मागचे बाक सरांच्या बाजूने, पुढचे बाईंच्या. पण मग फाइलमध्ये लिहिणंही बंद झालं आणि बाई गणिताच्या तासाला रोज चाचणी घेऊ लागल्या.

"भांडण त्यांचं आणि चाचणी आपली?" मागच्या बाकावरचा लंबू कळवळून म्हणाला.

शेवटी वर्गाने ठरवलं की सरांच्या वतीने माफी मागायची. लिहायचं काम किड्याकडे आलं. तिला पत्राचा एकच नमुना पाठ होता, रजेच्या अर्जाचा. तिने लिहिलं: "विषय: माफी मिळण्याबाबत. वरील विषयास अनुसरून विनंती की, तुला न विचारता बहिणीला बोलावण्याची चूक माझ्याकडून घडली आहे. तरी कृपया मोठ्या मनाने क्षमा करावी. तुझा आज्ञाधारक."

बाईंनी ते वाचलं आणि कित्येक दिवसांनी त्या खुदकन हसल्या. आपला नवरा गमत्या आहे, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून चहाचं विचारलं. सर चक्रावले, पण 'हो' म्हणाले. आयत्या मिळालेल्या चहाची चौकशी करू नये, एवढं व्यवहारज्ञान त्यांना होतं.

दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना त्यांनी फाइल उघडली, तर शेवटी त्यांच्याच वतीने माफीचा अर्ज!

"हे कोणी लिहिलं?"

"सर, तुम्हीच," लंबू म्हणाला. "खाली आज्ञाधारक लिहिलंय की."

तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, फेरीवर आल्या. प्रत्येक पडद्यावर 'जादा सराव' आणि प्रत्येक मूल त्यात डोकं खुपसून! त्यांना भरून आलं. "ही फाइल सगळ्या शिक्षकांना दाखवायला हवी," म्हणत त्यांनी चष्मा न लावताच प्रिंटचं बटण दाबलं.

"मॅडम, ती अजून तपासायची आहे—"

"तपासायचं काय? बाईंचं काम चोख असतं."

शाळेचा प्रिंटर एकच, तोही शिक्षकांच्या खोलीत. तिथे खेळाच्या सरांनी निघेल ते पान खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. तिसऱ्या पानाला बाईंनी कागद हिसकावले आणि तरातरा वर्गात आल्या. बघतात तर प्रत्येक मुलासमोर तीच फाइल उघडी.

"हा माफीनामा तुम्ही लिहिलात?"

सरांनी वर्गाकडे पाहिलं. वर्गाने छताकडे पाहिलं.

"नाही," सर म्हणाले. "पण लिहायला हवा होता. मला सुचलंच नाही."

"माफीसुद्धा मुलांकडून लिहून घेतलीत!"

"लिहून नाही घेतली. आयती मिळाली."

बाईंनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते काही नीट जमलं नाही. "आता बहिणीला फोन लावा. माझ्यासमोर. आठ दिवस म्हणा."

"दहा?"

"आठ. आणि बासरी घरी ठेवून."

यातलं मोठ्या बाईंना काहीच उमगलं नाही. त्यांनी वार्षिक अहवालात लिहिलं, 'सामायिक नेटवर्कमुळे शिक्षकांमधील समन्वय लक्षणीयरीत्या वाढला आहे.'

शाळा सुटल्यावर आठवी खिडकीला लटकून बघत होती. दोघं फाटकापर्यंत हातवारे करत, एकमेकांचं वाक्य तोडत भांडत चालली होती.

"चला," किडा म्हणाली, "बोलायला तरी लागले."